सगळ्यात कमी आकडा

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं रक्ताच्या नमुन्यांतून जनुकांचा माग काढण्यात गेली. हिमोफिलिया झालेल्या मुलाची मावशी लग्न ठरायच्या आधी यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची आणि विचारायची, "मॅडम, माझ्यातही ते आहे का?" त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देण्याइतकं मला जे येत होतं, ते शिकवलं कळव्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी. काका प्राध्यापक नव्हते, पदवीधरही नव्हते. परळला रक्तगटांच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. पोरवयात परीक्षानळ्या धुवायला म्हणून चिकटले, आणि निवृत्त झाले तेव्हा तिथले तरुण डॉक्टर अडलं की त्यांना विचारत. त्यांचं नाव इथे घालत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पण त्यांनी मला काय दिलं ते नीट, तपशिलाने लिहून ठेवायचं आहे.

1988 साली मी ठाण्याच्या बांदोडकर कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज चेंदणीला, खाडीच्या पलीकडे. आमची चाळ अलीकडे, खारेगावच्या बाजूला. कळव्याच्या पुलावरून चालत गेलं की रिक्षाचे पैसे वाचायचे. बाबा बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात होते आणि घरात विज्ञान शिकणारी मी पहिलीच.

मेंडेलपर्यंत सगळं सरळ होतं. दोन गुण, दोन जोड्या, प्रत्येक जोडीची वाटणी स्वतंत्र, 9:3:3:1. मग पुस्तकात बेटसन आणि पनेट आले. 1905 च्या सुमारास केंब्रिजला स्वीट पीच्या झाडांत त्यांना दिसलं की जांभळं फूल आणि लांबट परागकण हे दोन गुण पुढच्या पिढीत जोडीने उतरतात, हिशेबाने यावेत त्यापेक्षा फार जास्त वेळा. जास्त वेळा, पण नेहमी नाही. मी अडकले ती इथे. दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर असतील तर ती कायम बरोबर जावीत, वेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर आपापल्या वाटेने जावीत. हे मधलंच काहीतरी कुठून आलं?

काका कामावरून आले की हातपाय धुऊन गॅलरीत स्टुलावर बसायचे. माझी वही उघडी बघून त्यांनी विचारलं, "काय अडलं गं?" मी सांगितलं. त्यांनी पेन्सिलसुद्धा मागितली नाही.

"आपली स्लो लाइन घे," ते म्हणाले. "कल्याण ते व्हीटी. समज, या लाइनीवर कुठेतरी एकाच ठिकाणी वायर तुटली. कुठे तुटेल याचा नेम नाही. कळवा एका बाजूला राहिलं आणि मुंब्रा दुसऱ्या, असं किती वेळा होईल?"

"क्वचित."

"आणि कळवा एकीकडे, दादर दुसरीकडे?"

"पुष्कळदा."

"आता तू आयुष्यात गाडीत बसलेली नाहीस. नकाशाही बघितलेला नाहीस. फक्त बिघाडांची वही तुझ्या हातात दिली. कधी कोणतं स्टेशन कुणापासून तुटलं, एवढंच त्यात लिहिलंय. त्यावरून कोण कुणाच्या जवळ, हे सांगशील की नाही?"

मी गप्पच झाले. सांगता आलं असतं. नुसतं कोण जवळ एवढंच नाही, पुरेसे बिघाड नोंदलेले असतील तर स्टेशनांचा क्रमही लावता आला असता.

गुणसूत्रांचंही तसंच. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र शेजारी शेजारी येतात, एकाच जागी दोन्ही तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल होते. तुटण्याची जागा दर वेळी वेगळी. जवळजवळ असलेली दोन जनुकं त्यात क्वचित ताटातूट पावतात, लांबची वारंवार. न्यूयॉर्कला मॉर्गनने फळमाश्यांवरून हे ओळखलं. त्याच्या प्रयोगशाळेतला स्टर्टेव्हंट हा पदवीचा विद्यार्थी, त्या वेळच्या माझ्याच वयाचा. 1911 मध्ये गुरूशी बोलता बोलता त्याला सुचलं की ताटातुटीचं प्रमाण हेच अंतराचं माप धरावं. घरी जाऊन, कॉलेजचा अभ्यास बाजूला टाकून, रात्रभरात त्याने माशीच्या एक्स गुणसूत्राचा नकाशा काढला. 1913 मध्ये तो छापून आला. पिवळं अंग शून्यावर, पांढरे डोळे 1 वर, शेंदरी डोळे 30.7 वर, छोटे पंख 33.7 वर, खुरटे पंख 57.6 वर. जनुक कशाचं बनलेलं असतं हे तेव्हा जगात कुणालाही माहीत नव्हतं. कुणी जनुक पाहिलेलं नव्हतं. आणि एका पोराने नुसत्या माश्या मोजून त्यांचे पत्ते लिहून ठेवले! काकांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि वर्गात शिकवताना आजही येतो.

मग तीन जनुकांची गणितं आली. एक संकर, 1,000 पिल्लं, आठ प्रकार, प्रत्येकाचा आकडा दिलेला. क्रम लावा, अंतर काढा. आठ आकडे समोर आले की नजर आपोआप मोठ्यांकडे जाते. काका म्हणायचे, "मोठे आकडे आईबापांचीच नक्कल आहेत. जसं आलं तसं पुढे गेलं, त्यांच्याकडून नवीन काय कळणार? सगळ्यात कमी आकडा कुठे आहे, तो आधी बघ."

तो आकडा असायचा 3, 4, 5 असा काहीतरी. हजारांत चार पिल्लं. ती अशी, की त्यांच्यात दोनदा तुटून दोनदा सांधलेलं असतं. एकाच लाइनीवर दोन ठिकाणी वायर तुटावी तसं. अशा वेळी दोन्ही टोकांची जनुकं पुन्हा पहिल्यासारखी एकत्र दिसतात, पालटतं ते फक्त मधलं. म्हणून ज्या चार पिल्लांकडे घाईत दुर्लक्ष होतं, तीच सांगतात मध्ये कोण बसलंय. नेमक्या त्या चौघांना हिशेबात दुप्पट धरायचं असतं, कारण त्यांच्यात घटना दोनदा घडलेली असते. ती गाळली तर दोन टोकांमधलं अंतर खऱ्यापेक्षा कमी निघतं. काका एवढ्यावर थांबायचे नाहीत. उत्तर बरोबर आलं तरी त्या चार पिल्लांची गुणसूत्रं रंगीत पेन्सिलीने काढून दाखव म्हणायचे, कुठे तुटलं आणि कुठे जुळलं ते बोट ठेवून सांग म्हणायचे. मी कंटाळायचे. त्यांना कंटाळा माहीत नव्हता.

एका रविवारी त्यांनी काकूंकडून मूठभर कुळीथ मागून घेतले. काकू कोकणातल्या. पिठल्यासाठी माहेरहून आलेले कुळीथ, त्यामुळे कुरकुर झालीच. काकांनी ते कच्चेच भरडले, मिठाच्या प्रमाणशीर पाण्यात रात्रभर ठेवले, सकाळी फडक्यातून गाळले आणि गाळ खाली बसू दिला. वरचं निवळलेलं पाणी पांढऱ्या टाइलवर तीन ठिकाणी थेंब थेंब टाकलं. मग सुई उकळून माझं, काकूंचं आणि स्वतःचं बोट टोचलं. माझा गट ए, काकूंचा बी, काकांचा ओ. टाइल हळूहळू हलवत राहिले. काकूंचा आणि काकांचा थेंब जसाच्या तसा लालसर राहिला. माझ्या थेंबात मात्र कण दिसायला लागले, मग गुठळ्या झाल्या आणि भोवतीचं पाणी स्वच्छ झालं.

"हे पुण्यात सापडलं," काका म्हणाले. कर्नल बर्ड नावाचे सैन्यातले डॉक्टर, पुण्याच्या सशस्त्र दलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात होते. 1951 साली त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की कुळथाच्या अर्कात ए गटाच्या लाल पेशी ओळखून त्यांना चिकटवणारा पदार्थ आहे. तो अर्क नीट पातळ केला तर ए गटातलेही दोन उपप्रकार वेगळे काढतो, आणि जगभरच्या रक्तपेढ्या त्यासाठी तो वापरतात. काकूंनी घाबरून विचारलं, "म्हणजे ही पोर आमच्याकडे पिठलं खाते ते...?" काका म्हणाले, "शिजवलं की तो गुण जातो."

हे सगळं त्यांनी गंमत म्हणून केलं नव्हतं. माशीचे डोळे दिसतात, पंख दिसतात, तिची हवी तशी जोडी लावता येते. माणसाचं काय? माणसांची लग्नं आपण लावत नाही, पोरं दोन किंवा तीन, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या सरळ खुणा फार थोड्या. म्हणून माणसाच्या गुणसूत्रांचा नकाशा सुरू झाला तो बराचसा रक्तगटांपासून. तिथे टाइलवर हो किंवा नाही स्पष्ट दिसतं. 1955 मध्ये लंडनला रेनविक आणि सिल्व्हिया लॉलर यांनी एका विकाराची कुटुंबं तपासली. त्या विकारात अंगठ्याची नखं नीट वाढत नाहीत आणि गुडघ्याची वाटी लहान राहते. त्यांना आढळलं की हा विकार आणि एबीओ रक्तगट घराण्यात हातात हात घालून उतरतात, ताटातूट होते ती शंभरात दहाच्या आसपास. दोन्ही जनुकं कुठल्या गुणसूत्रावर आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती नवव्या गुणसूत्रावर आहेत हे कळायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. पण एकमेकांपासून किती लांब, ते आधी कळलं. पत्ता नंतर, अंतर आधी. काकांना हे फार प्रिय होतं.

आणि त्यांचा खरा विषय होता बॉम्बे रक्तगट. 1952 मध्ये डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर 'लॅन्सेट'मध्ये तो जाहीर केला. ही माणसं तपासणीत ओ दिसतात, पण त्यांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. मुंबईत हे 10,000 माणसांत एखादं सापडेल, युरोपात दहा लाखांत एखादं. कारण असं की ए आणि बी या खुणा एका आधारावर चढतात. त्या आधाराला एच म्हणतात. ओ माणसांत नुसता एच असतो. बॉम्बे गटाच्या माणसांत एचच नसतो, मग ए किंवा बीचं जनुक असलं तरी त्याला चढायला जागा नाही.

"समज," काका म्हणाले, "आई ओ, बाप ओ, आणि मूल ए. पुस्तक काय म्हणतं?"

"असं होऊच शकत नाही."

"आणि त्या बाईला सासरी काय ऐकून घ्यावं लागेल?"

मी काहीच बोलले नाही. काका सांगू लागले की अशी बाई बॉम्बे गटाची असू शकते. तिच्यात ए आहे, दिसत नाही एवढंच. मुलाला बापाकडून एच मिळाला की आईचा लपलेला ए मुलात उघड होतो. 1955 मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांना असंच एक कुटुंब मिळालं, वरकरणी ओ असलेल्या आईने मुलीला बी दिलेला. तेव्हापासून या प्रकाराला आपल्या शहराचं नाव पडलं. "एखादी नळी बाकीच्यांपेक्षा वेगळं सांगते," काका म्हणायचे, "तेव्हा नळीवर संशय घ्यायचा, नमुन्यावर घ्यायचा, स्वतःवर घ्यायचा. बाईवर सगळ्यात शेवटी." हे वाक्य मी पुढे अनेक कनिष्ठांना ऐकवलं आहे, काकांचं म्हणून.

एच कुठून आला हे जगाला कळलं, ते तो ज्यांच्यात नाही अशा मूठभर माणसांमुळे. आपण बाकीचे सगळे तो अंगात घेऊन फिरत होतो आणि आपल्याकडून काहीच कळत नव्हतं. तीन जनुकांच्या गणितात काका कमी आकडा आधी बघायला का लावायचे, ते मला त्या दिवशी पुरतं समजलं.

मी टी.वाय.ला असताना बाबांचा कारखाना बंद पडला. मी नोकरी धरावी असं घरात ठरत आलं होतं, आणि कुणाचं चुकत होतं असंही नाही. काका एका संध्याकाळी आमच्याकडे आले, बाबांना म्हणाले, "भाऊ, एम.एस्सी.ची फी आणि पासाचे पैसे मी देतो. नोकरीला लागली की परत घेईन. दान नाही, उसने." कळवा ते कुर्ला पास त्यांनी दर तिमाहीला काढून दिला. नोकरी लागल्यावर मी पैसे घेऊन गेले तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मोजले, डब्यात ठेवले, काकूंना चहा टाकायला सांगितला. त्यांनी ते घेतले म्हणून मला मोकळं वाटलं. मदत घेणाऱ्या माणसाची मान वर राहावी, एवढा विचार त्यामागे होता हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

प्रयोगशाळेत माझ्याकडे हिमोफिलियाची कुटुंबं आली. रक्त न गोठण्याचा हा विकार एक्स गुणसूत्रावरून उतरतो, आई वाहक असते आणि मुलगा भोगतो. माणसातलं पहिलं लिंकेज, म्हणजे दोन जनुकांचं असं जोडीने उतरणं, याच आजारात सापडलं होतं. 1937 मध्ये ज्युलिया बेल आणि हाल्डेन यांनी हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा एकाच गुणसूत्रावर जवळ असल्याचं दाखवलं. अंतराच्या मापाला मॉर्गनचं नाव हाल्डेन यांनीच दिलं. ते 1957 मध्ये भारतात येऊन राहिले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. नव्वदच्या दशकात आमच्याकडे जनुक सगळं वाचायची सोय नव्हती. जनुकाच्या आत किंवा शेजारी असलेली एखादी निरुपद्रवी खूण धरायची, आजारी मुलात कोणती खूण आली आहे ते बघायचं, आणि तीच मावशीत, बहिणीत, गर्भात आली आहे का ते तपासायचं. जनुकाच्या आतली खूण मिळाली तर ताटातुटीची भीती जवळपास नाही. पण ती प्रत्येक घरात उपयोगी पडत नाही. मग बाहेरची खूण वापरायची, आणि तिथे शंभरात चार-पाच वेळा खूण आणि आजार वेगळे होतात.

शंभरात चार-पाच म्हणजे उत्तर पंच्याण्णव टक्के खात्रीचं. अहवालात हे बारीक अक्षरांत लिहून सोडता येतं, आणि समोरच्या माणसालाही खरं तर 'हो' किंवा 'नाही'च हवं असतं. मला ते कधी जमलं नाही. मी कागदावर रेघ काढायचे, तिच्यावर आजाराची आणि खुणेची जागा दाखवायचे, मध्ये कुठे तुटू शकतं ते दाखवायचे आणि त्या बाईला विचारायचे, "या शंभरातल्या चार-पाचांत तुम्ही असाल तर काय कराल, याचा विचार झालाय का?" काही जणी रडल्या. एकीने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन आली, "यांना पण ती रेघ काढून दाखवा" म्हणून. हे मी कुठल्या अभ्यासक्रमात शिकले नव्हते. चार पिल्लांची गुणसूत्रं रंगीत पेन्सिलीने काढ म्हणून जो माणूस मागे लागायचा, त्याच्याकडून शिकले.

आता बहुतेक ठिकाणी थेट जनुकच वाचतात आणि लिंकेजवरून निदान करायची वेळ क्वचित येते. मला त्याचं दुःख नाही, ज्या घरांना खात्रीचं उत्तर मिळतं त्यांच्यासाठी आनंदच आहे. पण त्या खुणा, ती अंतरं नसती तर कुठे वाचायचं हेच कुणाला सापडलं नसतं.

निवृत्तीनंतर काका कणकवलीकडे गावी गेले. आमची पत्रं चालू राहिली. एक कोडं त्यांच्या डोक्यात परळपासून होतं. बहुतेकांच्या, म्हणजे शंभरातल्या ऐंशीएक जणांच्या लाळेतही रक्तगटाची खूण उतरते. लाळ उकळून घेतली की ती प्रयोगशाळेत तपासता येते. काकांनी बॉम्बे गटाच्या ज्या ज्या माणसांची लाळ तपासली, तिच्यात ती कधीच मिळाली नाही. लाळेचं जनुक वेगळं आणि रक्तातल्या एचचं वेगळं, असं तोवर मानलं जाऊ लागलं होतं. मग दोन्ही एकदम कशी बिघडतात? आणि दर वेळी?

1997 मध्ये उत्तर आलं, तेही जपानमधल्या कुरुमे विद्यापीठातून. कोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बॉम्बे गटाचा डीएनए वाचला. एचच्या जनुकात 725 व्या जागी एक अक्षर बदललेलं, आणि लाळेचं जनुक अख्खंच गळालेलं. दोन्ही जनुकं एकोणिसाव्या गुणसूत्रावर, एकमेकांपासून जेमतेम पस्तीस हजार अक्षरांवर. केव्हातरी कुणा एका पूर्वजाच्या गुणसूत्रावर हे दोन्ही बिघाड एकत्र आले, आणि इतके जवळ की तेव्हापासून ते तसेच जोडीने, पिढ्यान्‌पिढ्या, आते-मामे भावंडांच्या लग्नांतून पुन्हा एकमेकांना भेटत आले. मी त्या निबंधाची झेरॉक्स काढून गावी पाठवली आणि सोबत चार पानी पत्र लिहिलं.

काकांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. आनंद झाला, डोळ्यांना भिंग लावून दोनदा वाचलं, काकूंनाही सांगितलं, असं आधी लिहिलं होतं. मग खाली: इतकं जवळ असलं तरी कधीतरी तुटत असेलच. असं तुटलेलं माणूस कुणाला सापडलं का, ज्याच्या लाळेत एच आहे आणि रक्तात नाही?

मी लिहिलं की अशी माणसं आहेत, परदेशात नोंदली गेली आहेत, त्यांना पॅरा-बॉम्बे म्हणतात. पण त्यांच्यात बहुतेक वेळा एचचा बिघाडच वेगळा, नव्याने झालेला असतो. आपल्या जुन्या जोडीची ताटातूट झाली असं म्हणायला पुरावा लागेल. आणि पस्तीस हजार अक्षरांच्या अंतरावर, सरासरी धरली तर, ती सुमारे 3,000 अपत्यांत एकदा व्हावी.

उलट टपाली दुसरं कार्ड आलं. अक्षर थोडं थरथरतं, पण ओळी सरळ. "मग 3,000 मुलं तपासावी लागतील. कुणी सुरुवात केली आहे का? नसेल तर परळला विचार. माझ्या वेळच्या वह्यांत घराणी लावून ठेवलेली आहेत."